राणीछाप रुपयाची मागची बाजू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कंपनी सरकार जाऊन राणीचं राज्य कसं आलं यावर अर्ध्या पानाचा लेख होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून निवांत वाचला, मग घरी नेऊन परत एकदा वाचला. लेखकानं मेहनत घेतलीय, तारखा बरोबर आहेत, पण शेवटी शेवटी जे लिहिलंय की १८५८ ला कंपनीचा जुलमी कारभार संपला आणि लोकांना दिलासा मिळाला, ते वाचून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र. दुसऱ्या कुठल्या गावच्या पेपरात आलं असतं तर पान उलटून पुढं गेलो असतो. साताऱ्यात घरोघरी जाणाऱ्या पेपरात हे यावं याचं खरंच वाईट वाटलं, कारण कंपनीनं काय नेलं आणि राणीनं त्यातलं काय परत केलं हा हिशेब आपल्या गावाला विचारला पाहिजे. गव्हर्नर जनरल डलहौसीनं वारस नाही म्हणून खालसा केलेल्या संस्थानांत पहिला नंबर आपलाच लागला होता, झाशी नि नागपूर नंतरची.

मी काय इतिहासाचा प्राध्यापक नाही. मोती चौकाजवळ आमचं सराफी दुकान आहे, आजोबांपासूनचं. जुना चांदीचा रुपया हातात आला की आधी साल बघायची सवय वडिलांनी लावली आणि त्या साली काय झालं होतं ते वाचत बसायची सवय मला माझी लागली. त्यामुळं रुपयापासनंच सुरू करतो.

मागच्या महिन्यात कोरेगाव बाजूच्या एक मावशी रुपयांची माळ मोडायला घेऊन आल्या. सासूची माळ, अकरा रुपये, प्रत्येकाला वर कडी जोडलेली, दोरा पार काळा पडलेला. म्हणाल्या, सगळी राणीछापच हायती, बघा. होती राणीछापच, पण दोन तऱ्हेची. सात १८६२ ची आणि चार १८४० ची. पुढच्या बाजूला दोन्हीवर व्हिक्टोरिया राणीच, १८४० च्या रुपयावर नुसतं बोडकं डोकं नि १८६२ च्या रुपयावर मुकुट घातलेली. उलटं केलं की फरक कळतो. १८४० च्या मागं कडेनं ईस्ट इंडिया कंपनी असं इंग्रजीत आणि मधे एक रुपया असं इंग्रजीत नि फारसीत. १८६२ च्या मागची कंपनी गेली, फारसी पण गेली, राहिलं नुसतं एक रुपया, इंडिया आणि साल. काट्यावर टाकले तर झीज सोडली तर सगळे सारखे, जुना एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि कसही तोच, शंभरात ९१.७ चांदी. १८६२ चे रुपये लोकांकडं एवढे का निघतात तर टांकसाळीनं पुढं दहा-बारा वर्षं तेच साल छापलं, हे पण जाता जाता सांगतो कारण लोक येऊन विचारतात की या सालात काय विशेष होतं.

तर माझं म्हणणं जे आहे ते या रुपयावरच दिसतं. कंपनी होती तेव्हाही राणी पुढच्या बाजूला होतीच आणि कंपनी गेली तेव्हा मागची पाटी बदलली, आणि रयतेनं सरकारात भरायचा रुपया होता तेवढाच राहिला.

लेखात असं चित्र उभं राहतं की एकीकडं वाईट व्यापारी आणि दुसरीकडं लंडनचं सरकार ज्याला काही माहीतच नव्हतं. तसं नव्हतं हो. कंपनीला १६०० साली सनद दिली ती एलिझाबेथ राणीनं. १७६५ ला बंगालची दिवाणी, म्हणजे तिथला सारा वसूल करायचा हक्क, हातात आल्यावर तिथल्या पैशाकडं लंडनच्या मंत्र्यांचं लक्ष गेलं आणि १७७३ ला कंपनीला लगाम घालणारा रेग्युलेटिंग ॲक्ट आला, १७८४ ला पिटचा कायदा आला, त्यानं बोर्ड ऑफ कंट्रोल बसवलं, म्हणजे कंपनीच्या डायरेक्टरांच्या डोक्यावर राजाचे मंत्री. १८१३ ला चहा आणि चीनचा व्यापार सोडून बाकीची मक्तेदारी काढून घेतली. आणि १८३३ ला तर कंपनीचा व्यापारच बंद केला. हे आमच्या शाळेत कुणी नीट सांगितलंच नव्हतं. म्हणजे १८३३ नंतर जी कंपनी होती ती काही विकत नव्हती, काही घेत नव्हती, तिचा धंदा एकच, इथं राज्य करायचं आणि सारा वसूल करायचा. तरी तिच्या शेअरवाल्यांना दर वर्षी साडेदहा टक्के डिव्हिडंड मिळायचा. कुठनं? तर १८३३ च्या कायद्यातच लिहिलं होतं, हिंदुस्थानच्या महसुलातनं, ४० वर्षं.

कंपनीचं भांडवल ६० लाख पौंडांचं. साडेदहा टक्क्यानं वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड. तेव्हा पौंडाला साधारण दहा रुपये पडायचे, म्हणजे ६३ लाख रुपये. मी सराफ माणूस, मला रुपये म्हटलं की तोळे दिसतात. ६३ लाख तोळे म्हणजे ७३ टन वजनाचे चांदीचे रुपये, दर वर्षी, धंदा न करणाऱ्या कंपनीच्या भागीदारांना. त्यात माण-खटावच्या दुष्काळी रानातला सारा पण आला.

आता आपल्या गावाचं. १८१८ ला पेशवाई बुडाली, फेब्रुवारीत अजिंक्यतारा इंग्रजांकडं गेला आणि कंपनीचा कमिशनर एल्फिन्स्टननं प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं. १८१९ ला तह झाला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ इथं होता तो याच काळात. महाराजांनी गावात रस्ते केले, पाणी आणलं, शाळा काढली, आणि १८२९ ला महाबळेश्वर इंग्रजांना दिलं, बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. त्याच महाराजांना दहा वर्षांनी, ५ सप्टेंबर १८३९ ला, गादीवरनं काढलं. आरोप काय तर गोव्याच्या पोर्तुगीजांशी पत्रव्यवहार, नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी संधान, पलटणीतल्या शिपायांना फितवायचा प्रयत्न. मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्याला आला, म्हणाला कागदावर सही करून चूक मान्य करा, गादी राहील. महाराज म्हणाले मी केलेलंच नाही तर सही कशाची करू. त्यांना आधी लिंबला नेलं आणि तिथनं पुढं काशीला. आठ वर्षांनी, ऑक्टोबर १८४७ ला, तिथंच गेले. हा कारनॅक गव्हर्नर व्हायच्या आधी कोण होता, तर कंपनीच्या डायरेक्टरांचा चेअरमन.

महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि जवळजवळ चौदा वर्षं तिथं राहिले. मला या माणसाबद्दल लिहिताना दर वेळी गलबलून येतं. परकी भाषा, परका थंड मुलूख, पैसे संपत आलेले, आणि हे कंपनीच्या कचेरीत, लेडनहॉल स्ट्रीटवर, जाऊन सांगतायत की आमच्या राजाची निदान चौकशी तरी करा, त्याचं म्हणणं ऐका. कोणासमोर सांगतायत? कंपनीच्या भागीदारांच्या सभेसमोर. त्या सभेचा नियम असा की हजार पौंडांचे शेअर असतील तर एक मत, तीन हजाराला दोन, सहा हजाराला तीन आणि दहा हजाराला चार. म्हणजे शिवाजी महाराजांच्या गादीवर कोण बसणार यावर ज्यांनी मतं टाकली त्यातल्या बहुतेकांनी सातारा कधी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं, त्यांच्याकडं फक्त शेअर होते. आज आपल्याकडं एवढे लोक शेअर बाजारात आहेत, त्यांना हे लगेच कळेल. भागधारकांच्या सभेत एखाद्या राज्याचा विषय अजेंड्यावर. सभेत आपल्या बाजूनं बोलणारे इंग्रजही होते, जोसेफ ह्यूमसारखे, ते मान्य केलंच पाहिजे. पण मतांचं तागडं दर वेळी दुसरीकडंच झुकलं.

मग ५ एप्रिल १८४८ ला प्रतापसिंह महाराजांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ शहाजी महाराज, म्हणजे साताऱ्याचे आप्पासाहेब, वारले. मरणाआधी त्यांनी दत्तक घेतलेला होता. इथला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, बार्टल फ्रिअर म्हणत होता दत्तक मान्य करा, मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क पण खालसाच्या विरोधात होता. डलहौसीनं ऐकलं नाही आणि १८४९ ला लंडनच्या डायरेक्टरांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. सातारा खालसा.

रंगो बापूजी रिकाम्या हातानं परत आले. पुढचं आपल्याला थोडंफार माहीत असतं कारण चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला जातो तेव्हा हुतात्म्यांचं स्मारक दिसतं. जून १८५७ मध्ये साताऱ्यातला कट फुटला, धरपकड झाली, आणि ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर १७ जणांना एका दिवशी मारलं. ५ जणांना फाशी, ६ जणांना गोळ्या, ६ जणांना तोफेच्या तोंडी. फाशी गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी निसटले, सरकारनं बक्षीस लावलं तरी शेवटपर्यंत सापडले नाहीत. चौदा वर्षं अर्ज-विनंत्या करून बघितलेला माणूस शेवटी कटाकडं का वळला याचं उत्तर मला त्या मतदानाच्या नियमात सापडतं.

याला वर्षही पुरतं होत नाही तोवर, २ ऑगस्ट १८५८ ला, लंडनमध्ये कायदा होतो की कंपनीचा कारभार संपला. १ सप्टेंबरला डायरेक्टरांची शेवटची बैठक, १ नोव्हेंबरला अलाहाबादला कॅनिंग राणीचा जाहीरनामा वाचतो. आपल्या लेखाप्रमाणं इथं सगळं बदललं. मला वाटतं इथं कोण कुठं बसलं ते जरा बघितलं पाहिजे. कंपनीचा शेवटचा गव्हर्नर जनरल कॅनिंग, राणीचा पहिला व्हॉइसरॉय पण कॅनिंग. बोर्ड ऑफ कंट्रोलचा शेवटचा अध्यक्ष लॉर्ड स्टॅन्ली, नवीन खात्याचा पहिला भारतमंत्री पण तोच लॉर्ड स्टॅन्ली. त्याच्या हाताखाली १५ जणांचं कौन्सिल, त्यातले ७ निवडले कंपनीच्याच डायरेक्टरांनी. आणि जाहीरनाम्यातच साफ लिहिलंय की कंपनीच्या नोकरीत मुलकी-लष्करी जे कोणी आहेत त्यांना आम्ही त्यांच्या त्यांच्या जागी कायम करतो. म्हणजे ज्यांनी गेंडामाळाचा हुकूम दिला ते पण कायम. जाहीरनाम्यात माफी होती, पण ती त्या १७ जणांच्या काय कामाची, ते चौदा महिन्यांपूर्वीच गेले होते.

गंमत नाही पण एक गोष्ट खरंच विचार करायला लावते. कंपनीच्या पलटणीत जे गोरे सोल्जर होते ते १८५९ ला अडून बसले, म्हणाले आम्हाला न विचारता कंपनीकडनं राणीकडं कसं काय वळतं करता, नव्यानं भरती करता तर भरतीचे पैसे द्या. हजारोंनी नोकरी सोडली आणि सरकारनं त्यांना जहाजानं घरी पोचवलं. विचारलं नाही म्हणून रागवायचा हक्क निदान त्यांना होता.

आता पैशाकडं परत येतो कारण लेखात याबद्दल एक ओळ नाही. कंपनी गेली म्हणजे तिचं कर्ज पण गेलं असं वाटतं ना? नाही गेलं. सगळं हिंदुस्थानच्या महसुलावर चढवलं. १८५७ चं बंड मोडायला कोट्यवधी पौंड खर्च झाला, म्हणजे गेंडामाळावरच्या तोफेची दारू पण त्यातच आली, तोही आपल्याच खात्यावर. ती तूट भरून काढायला लंडनहून जेम्स विल्सन अर्थखातं बघायला आला आणि १८६० ला इन्कम टॅक्स बसवला, आम्हा दुकानदारांना तो अजून पुरलाय. लंडनच्या भारतमंत्र्याचा पगार आपण भरायचा, त्याच्या कचेरीचा खर्च आपण भरायचा. तो पगार इंग्लंडच्या तिजोरीतनं द्यायला १९१९ चा कायदा यावा लागला. आणि तो साडेदहा टक्के डिव्हिडंड? राणीचं राज्य आल्यावर बंद व्हायला पाहिजे होता की नाही, पण नाही, चालूच राहिला. कंपनी नुसती नावाला शिल्लक होती, राज्य नाही, व्यापार नाही, तरी १८७४ पर्यंत शेअरवाल्यांना दर वर्षी पैसे जात होते, आणि शेवटी शंभराच्या शेअरला दोनशे पौंड देऊन खातं मिटवलं. १ जून १८७४ ला कंपनी कागदावरनं पुसली गेली. दुकान एकाकडनं दुसऱ्याकडं गेलं तर घेणारा किंमत मोजतो, ही आमच्या बाजारातली साधी रीत आहे. इथं घेणारं लंडनचं सरकार, विकणारी लंडनची कंपनी आणि किंमत भरली कऱ्हाड-वाळव्याच्या शेतकऱ्यानं. दादाभाई नौरोजी आयुष्यभर हाच हिशेब मांडत राहिले.

काहीच बदललं नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. वारस नाही म्हणून राज्य गिळायचं धोरण थांबलं. संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, १८६२ ला सांगलीच्या पटवर्धनांना मिळाली, बाकीच्यांना मिळाल्या. पीनल कोड आलं, मुंबईचं हायकोर्ट आलं, ते आजही चालतंय. पण या सनदांचीच गोष्ट सातारकरानं नीट बघावी. औंधचे प्रतिनिधी, भोरचे सचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले, हे सगळे सातारच्या छत्रपतींचे जहागीरदार. त्यांची संस्थानं राहिली, १९४८ पर्यंत राहिली. आणि ज्या गादीचे ते जहागीरदार ती गादी गेली ती गेलीच. १८४८ ला दत्तक चालत नाही म्हणून सातारा घेतलं, १८५८ नंतर दत्तक चालतो म्हणून सगळ्यांना लिहून दिलं, मग दहा वर्षांपूर्वीचं चुकलं होतं तर ते दुरुस्त का नाही केलं? माझी नात आठवीत आहे, तिच्या वहीत जाहीरनाम्याच्या तरतुदी असे चार मुद्दे लिहिलेत, पाठ करते. तिनंच मला विचारलं की आबा, दत्तक मान्य केलं म्हणजे साताऱ्याचं पण मान्य झालं का. मी नाही म्हणालो तर म्हणाली पण पुस्तकात तर असं काही लिहिलं नाही. तिला मी काय सांगू?

आणि गावातल्या माणसाला दिलासा मिळाला म्हणावं तर १८७५ ला, राणीचं राज्य येऊन सतरा वर्षं झाल्यावर, सुप्यापासनं पेटलेलं सावकारांविरुद्धचं बंड आपल्या शिराळ्याकडच्या कोकरुडपर्यंत आलं होतं. सारा रोख भरायचा, पीक येवो न येवो, त्यासाठी सावकाराकडं जायचं नि कोर्टात जमीन घालवायची, असं चाललं होतं. तेव्हा कुठं १८७९ ला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला, पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांपुरता. दिलासा मिळालेल्या जिल्ह्याला असा कायदा लागत नाही. पुढं याच जिल्ह्यानं १९४२ च्या चळवळीत प्रतिसरकार उभं केलं, पण तो विषय मोठा आहे, आत्ता नको.

संपादकसाहेब, माझी मागणी काय आहे ती लिहितो. एक म्हणजे तुमच्या पुरवणीत १८३९ ते १८५८ या वीस वर्षांतल्या साताऱ्यावर चार-पाच रविवार सलग लिहून घ्या, गावात जाणकार लोक आहेत, त्यांना जागा द्या. रंगो बापूजींनी लंडनला काय काय केलं तेवढ्यावरच दोन रविवार जातील. आणि चार भिंतीवर रोज संध्याकाळी शेकडो लोक येतात, पोरं सेल्फी काढतात, त्यात काही वाईट नाही, पण तिथं सोप्या मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं असावं की हे १७ जण कोण होते, कोणत्या गावचे होते, आणि त्यांच्या आधी एक माणूस चौदा वर्षं कुणाच्या दारात उभा होता. गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली तर होण्यासारखं आहे, माझी मी आत्ताच जाहीर करतो, आकडा भेटल्यावर सांगेन.

मावशींची माळ मी आटवली नाही. त्यांना पैशाची नड होती, लेकीचं बाळंतपण होतं, म्हणून चांदीच्या भावाच्या वर चार पैसे देऊन मी ती तशीच ठेवून घेतली, कड्यासकट. त्यातला एक १८४० चा नि एक १८६२ चा रुपया काउंटरच्या काचेखाली लावलाय, दोन्ही पालथे, मागची बाजू वर. कुठल्या शाळेला मुलं आणायची असतील तर आणावीत, हातात देऊन काट्यावर वजन करून दाखवीन. सकाळी अकराच्या आत गर्दी नसते, मंगळवार सोडून कधीही.

आपला,
मोती चौकातला एक सराफ,
सातारा